हरवलेलं नाणं आणि बेचाळीस स्वेटर



आगमनकाळ सुरू झाला. खरं तर या आठवड्यात आशेच्या मेणबत्तीवर लिहायचं ठरवलं होतं. पण परवा खडेबाजारात आमच्या मंडळीतल्या एक बाई भेटल्या. दोन्ही हातांत पिशव्या, पर्स काखेत घट्ट धरलेली. म्हणाल्या, "गेल्या वर्षीचं ते लिहा की ओ एकदा. नाताळच्या आधी लिहा, नंतर लिहून काय उपयोग?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून मेणबत्ती पुढच्या आठवड्यात.

या गोष्टीत मी आहे आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "नाव नको घालूस, रकमा मात्र घाल," असं त्यांनी बजावलं. "रकमा नसल्या की लोकांना ते कुठलंतरी ऐकीव वाटतं."

सुरुवात गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली. भगिनी मंडळाच्या सभेत मी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. एका निवृत्त गृहस्थांना फोनवर 'डिजिटल अरेस्ट' केली असं सांगून चोरांनी दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं आणि खातं रिकामं केलं. आपल्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे मला सांगायचं होतं. तेवढं सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला नक्कल करायची हौस. "साहेब, जरा चहा घेऊ का? साहेब, बाथरूमला जाऊ का?" असं मी हात जोडून करून दाखवलं. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "शिकलेली माणसं ही, इतकंसुद्धा कळत नाही म्हणजे काय!" मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्याही हसल्या.

त्यानंतर दीड महिन्यानं संडे स्कूलच्या मुलांच्या नाताळ भेटीचं काम माझ्याकडे आलं. बेचाळीस मुलं. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते, म्हणून स्वेटर द्यायचे ठरले. कमिटीनं बारा हजार मंजूर केले. गणपत गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात विचारलं तर एका स्वेटरचे 450, म्हणजे अठरा हजार नऊशे. त्याच रात्री फोनवर जाहिरात आली. शाळा, आश्रम आणि चर्चसाठी घाऊक भावात लहान मुलांचे स्वेटर, 280 रुपये, शेवटचे दोन दिवस.

आता मला ठाऊक आहे की आपण काय शोधतो हे फोनला कळतं आणि तशाच जाहिराती समोर येतात. तेव्हा मला ती प्रार्थनेचं उत्तर वाटली.

बेचाळीस गुणिले 280 म्हणजे 11,760. बारा हजारांत बसलं, वर 240 उरले! मी त्या नंबरवर मेसेज केला. अगदी नम्र बोलणं, मापांचा तक्ता, कपड्यांचे फोटो. "मॅडम, चर्चसाठी आहे म्हणून आम्ही पाठवणावळ घेत नाही." पैसे भरायला क्यूआर कोड आला. स्कॅन केला तर पडद्यावर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा एका माणसाचं नाव आलं. हे मी पाहिलं होतं. पुन्हा सांगते, पाहिलं होतं. मनात आलंही की दुकानाचं नाव का नाही? पण लगेच दुसरा विचार आला, मालकाचं असेल. अंगठा पुढे गेला, पिन टाकला, टिंग वाजलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की जीएसटीसाठी 2,100 रुपये अनामत भरा, माल पोचल्यावर परत मिळतील. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पावती मागितली तर पुढच्या मिनिटाला त्या नंबरानं मला ब्लॉक केलं.

यानंतर मी जे केलं ते फसण्यापेक्षा वाईट होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. घरात नवऱ्यालाही नाही. माझ्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे काढले, गणपत गल्लीत जाऊन 450 रुपयांनी बेचाळीस स्वेटर घेतले आणि मंडळीच्या हिशेबात लिहिलं: स्वेटर 42 नग, दर 280. देवाच्या पैशाला धक्का लागला नाही ना, मग झालं, असं मनाला समजावलं. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी सूचना देताना माझं नाव घेऊन कौतुक केलं की इतक्या कमी पैशांत इतके चांगले स्वेटर आणले. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत बसले. लोकांना तो नम्रपणा वाटला असेल.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, मावशींकडे गेले. दरवर्षी मंडळीच्या चहापानासाठी त्यांच्याकडून दीडशे करंज्या येतात. त्यांचं सारण कसं असतं ते ज्यांनी खाल्लं आहे त्यांना सांगायला नको. त्या वर्षी ओट्यावर काहीच नव्हतं. रवा नाही, खोबरं नाही. "गुडघा दुखतोय," म्हणाल्या. पण गुडघा दुखणारं माणूस असं खिडकीकडे बघत बसत नाही. मीही तशीच खिडकीकडे बघत दहा दिवस काढले होते, म्हणून मला ओळखू आलं.

का कोण जाणे, मी सांगून टाकलं. स्वेटर, क्यूआर कोड, पडद्यावर दिसलेलं ते नाव, वहीतला खोटा आकडा, रविवारच्या टाळ्या. मावशी ऐकत राहिल्या. मग उठल्या, दार लावून घेतलं, आणि ट्रंकेवर ठेवलेला फोन माझ्या हातात दिला.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना फेसबुकवर एका परदेशी 'सिस्टर'ची ओळख झाली होती. रोज सकाळी 'प्रेज द लॉर्ड', एक वचन, गुलाबाचा फोटो. मावशींच्या गुडघ्यासाठी ती बाई प्रार्थना करायची. एकट्या विधवा बाईला रोज सकाळी नाव घेऊन कोण विचारतं हो? आपण तरी विचारतो का? मग नोव्हेंबरच्या शेवटी तिनं नाताळची भेट पाठवल्याचं कळवलं. खोक्याचा फोटोही आला, त्यात शाल, बायबल, फोन आणि पाच हजार पौंड. त्यानंतर 'दिल्ली विमानतळावरच्या कस्टम'मधून हिंदीत बोलणाऱ्या बाईचा फोन. आधी कस्टमचे 14,500 भरले. मग पौंड सापडले म्हणून त्यांच्या दाखल्याचे 29,500. "हे भरले नाहीत तर परकी चलन लपवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल." आणि त्याच सोमवारी सकाळी अकरा वाजता 18,000, विम्याचे. एकूण बासष्ट हजार. नवऱ्याच्या पेन्शनीतून साठवलेले.

"पहिल्या दिवशीच तुझ्याकडे यायला निघाले होते," मावशी म्हणाल्या. "चप्पलसुद्धा घातली. मग तुझी ती नक्कल आठवली. 'साहेब, चहा घेऊ का?' मीही हसले होते की गं तेव्हा. म्हटलं, आता माझ्यावर हसतील."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं, आजही नाही. पहिल्या दिवशी त्या आल्या असत्या तर पुढचे साडेसत्तेचाळीस हजार गेलेच नसते.

घड्याळात साडेतीन वाजले होते. आम्ही 1930 वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा सरकारी नंबर आहे. एकदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. पलीकडे कन्नडमध्ये बोलणं होतं. मावशींना कन्नड समजतं पण बोलताना अडखळतात, म्हणून मी बोलले. पलीकडचे लोक हिंदीतही बोलतात, तेव्हा भाषेच्या भीतीनं कुणी मागे राहू नका. त्यांनी जे विचारलं ते लिहून ठेवा: कुठली बँक, खातं क्रमांक, किती रक्कम, कोणत्या तारखेला किती वाजता, कुणाला, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय व्यवहार उघडला की बारा आकडी नंबर दिसतो, तो. तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर बाकीची माहिती भरून तक्रार पुरी केली, बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला, आणि संध्याकाळी सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं मावशींना आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. हसला नाही.

या सगळ्यात घाईचं कारण असं आहे. चोरलेले पैसे एका खात्यात राहत नाहीत, ते लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि मग काढून घेतात. 1930 वर नोंद झाली की संबंधित बँकांना निरोप जातो आणि पैसा जिथे पोचला असेल तिथे अडवून धरता येतो. तोवर तो काढलेला नसला तर. मावशींचे सकाळचे 18,000 अडवले गेले. ते परत हातात यायला जून उजाडला, बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, पण आले. आधीचे 44,000 गेले ते गेलेच. माझीही तक्रार त्याच दिवशी नोंदवली. पण मी गप्प बसून दहा दिवस घालवले होते. त्यातलं काही मिळालं नाही.

बँकेचंही एक सांगते. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. रिझर्व्ह बँकेचा 2017 सालापासूनचा हा नियम आहे. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

त्या रात्री मी उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय काढला. इसहाक म्हातारा झाला आहे, डोळ्यांना दिसत नाही. याकोब हातांना करडाचं कातडं गुंडाळून, भावाचे कपडे घालून समोर येतो. इसहाकाला संशय आलाच नाही असं नाही. इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, हे तो विचारतो. आवाज याकोबाचा वाटतो हे बोलूनही दाखवतो. हात चाचपतो. तू खरंच एसाव का, असं पुन्हा विचारतो. कपड्यांचा वाससुद्धा घेतो. इतकं करूनही फसतो, कारण समोर त्याच्या आवडीचं जेवण आहे आणि आशीर्वाद देण्याची त्याला घाई आहे. मला माझा क्यूआर कोड दिसला. संशय आला होता, पण स्वस्त स्वेटर पुढ्यात होते.

एक गोष्ट मात्र त्या रात्री पहिल्यांदाच लक्षात आली. शास्त्र इसहाकाला कुठेही हसत नाही. उलट इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अकराव्या अध्यायात विश्वासानं जगलेल्यांची जी नावं आहेत, त्यांत इसहाकाचं नाव आहे, आणि तेही मुलांना दिलेल्या याच आशीर्वादासाठी.

आणि लूकातली ती बाई, जिचं दहातलं एक नाणं हरवतं. तिच्यावरची प्रवचनं आपण पुष्कळ ऐकली आहेत, दिवा आणि झाडू यांवरच बहुतेक. मला तिचा शेवट आठवला. नाणं सापडल्यावर ती मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते आणि हरवलेलं सापडलं म्हणून सांगते. म्हणजे आपल्या हातून नाणं हरवलं होतं हे ती उघड बोलते! तिच्या शेजारणी कशा असतील, असं वाटून गेलं. तिला लाज वाटली नाही, तर त्यात त्यांचाही वाटा असणारच.

आता बाजाराचं थोडं. फोनवरच्या चोरांमुळे जुने चोर काही निवृत्त झालेले नाहीत. खडेबाजार, मारुती गल्लीच्या गर्दीत "ताई, खांद्यावर घाण पडलीय" असं कुणी म्हणालं, किंवा पायाशी दहा-वीसच्या नोटा टाकून "तुमचे पैसे पडले" असं म्हणालं, तर आधी पर्सवर हात आणि मग खांदा. पुढे दंगा झालाय, दागिने काढून रुमालात बांधा, असं सांगणारा पोलीस हा पोलीस नसतो. त्या रुमालात घरी जाऊन दगड निघतात. बसमध्ये चढताना पर्स पुढे, छातीशी. फोन चोरीला गेला तर आधी सिम आणि बँक बंद करा, मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो फोनच बंद पाडता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो बघा आणि वहीत लिहून ठेवा. ती वही घरी ठेवायची, पर्समध्ये नाही!

नाताळच्या रात्रीचं तर सगळ्यांना ठाऊक असतं, आपल्यालाच नसतं. 24 तारखेला रात्री आपली अख्खी घरं उपासनेला येतात, आणि दारातली चांदणी लांबूनच सांगते की हे घर आज रात्री रिकामं आहे. शेजारच्यांना सांगून या. आमच्या शेजारी मुस्लिम कुटुंब आहे, त्यांचा मुलगा दरवर्षी त्या रात्री आमच्या कट्ट्यावर अभ्यास करत बसतो. त्याच्यासाठी केकचा एक डबा वेगळा काढलेला असतो.

फोनबद्दल मी इतकंच पक्कं धरलं आहे: पिन टाकला की पैसे जातात. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पार्सलचा पत्ता अपुरा आहे म्हणून पाच रुपये भरा असा मेसेज आला तर लिंक उघडायची नाही. नाताळचं आमंत्रण म्हणून फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते आमंत्रण नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी नाही. त्या ओळखीच्याचाच फोन चोरांच्या ताब्यात असू शकतो. कस्टमवाले फोन करून कुणाच्या खात्यात पैसे मागत नाहीत. त्यांच्या खऱ्या पत्रावर ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खरेदीसाठी मी आता एक वेगळं खातं ठेवलं आहे, त्यात तीन-चार हजारच असतात. इसहाकाला निदान आवाज खरा ऐकू आला होता. आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते. म्हणून आमच्या घरात एक शब्द ठरला आहे. "आई, अडचणीत आहे, पैसे पाठव" असा मुलाचा फोन आला तर तो शब्द विचारायचा. शब्द कुठला ते लिहीत नाही, तो आमच्या जुन्या मांजराचा मामला आहे.

कमिटीसमोर मी नाताळच्या आधीच्या शुक्रवारी उभी राहिले. ते सोपं गेलं असं म्हणणार नाही. एक वडीलधारे स्पष्ट बोलले, "पैसे बुडाले ते समजू शकतो, वहीत खोटं का लिहिलंत?" ते बरोबरच होतं. खजिनदारांनी तो आकडा लाल शाईनं दुरुस्त केला, बाजूला माझी सही घेतली. दोन हजारांच्या वरची रक्कम भरताना दोघांनी मिळून पडदा बघायचा आणि नाव मोठ्यानं वाचायचं, असा ठराव झाला. मग पाळकसाहेब म्हणाले, येत्या रविवारी सूचनांच्या वेळी हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं. ऑक्टोबरातल्या नकलेसकट सांगितलं आणि मावशींचं नाव न घेता क्षमा मागितली. उपासना सुटल्यावर तीन जणं एकेकटी येऊन भेटली. त्यातल्या एकाचं प्रकरण तर आदल्या दिवशीचंच होतं. आम्ही चर्चच्या पायरीवर बसूनच 1930 लावला.

यंदा स्वेटर नाहीत, मुलांना टोप्या आणि वह्या द्यायच्या आहेत. खरेदीला दोघी जातो, मी आणि मावशी. नाव वाचायचं काम त्यांच्याकडे. चष्मा लावून, प्रत्येक अक्षर सुटं करून मोठ्यानं वाचतात. मागची रांग खोळंबते. परवा दुकानदार म्हणाला, "आजी, माझंच नाव आहे की ओ ते." मावशी म्हणाल्या, "असेल की. मग ऐकायला काय हरकत आहे?"

रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलाशेजारी मावशी बसलेल्या असतील. कुणाला फोनवर काही विचित्र आलं असेल, किंवा काही होऊन गेलं असेल, तर त्यांना दाखवा. त्या आधी करंजी देतात, मग विचारतात.